आत काय बसवलंय, ते विचारा!

बाजारात आपल्यासारखं चिकित्सक गिऱ्हाईक दुसरं नसतं, मैत्रिणींनो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. ज्वारी मुठीत घेऊन वास घेतो, तुरीचा दाणा दाताखाली दाबून बघतो. साडीचा रंग दुकानातल्या दिव्याखाली नाही, दाराशी उन्हात नेऊन तपासतो. पण हीच बाई कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली की एकदम गप्प होते. "चांगला दाखवा हो भाऊ, मुलांच्या अभ्यासाला पाहिजे," एवढं एक वाक्य बोलायचं आणि तीस-पस्तीस हजार मोजून यायचं. आत काय बसवलंय, हे ना आपण विचारत, ना तो सांगत.

मी बी. ए., मराठी घेऊन. कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ वगैरे मुळीच नाही. तरी आज या विषयावर लिहायचं धाडस करतेय, कारण गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाच्या पैशांचा प्रश्न होता आणि तो सोडवता सोडवता आम्ही बऱ्याच गोष्टी शिकलो.

अंबड तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटाने मुलींसाठी अभ्यासिका चालवली आहे. जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहण्याची ऐपत नाही, अशा मुली तिथे बँकेच्या, तलाठ्याच्या परीक्षांचा अभ्यास करतात. आता हे पेपर कॉम्प्युटरवर असतात. ज्या मुलीच्या हातात माउस पहिल्यांदा परीक्षा केंद्रातच येतो, तिची पहिली दहा मिनिटं बाण शोधण्यातच जातात. म्हणून एका कार्यालयाने काढून टाकलेले सहा जुने कॉम्प्युटर आम्ही मागून आणले होते. मुली त्यावर सराव परीक्षा द्यायच्या. सगळं बरं चाललं होतं.

मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या दिवसापासून विंडोज १० या प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ होती, पण ती म्हणजे दुखणं वर्षभर पुढे ढकलणं. विंडोज ११ घालावं तर त्याच्या अटी कडक. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. आमची मशीनं तिसऱ्या पिढीची, २०१२ च्या आसपासची. दुकानात दाखवली तर तिथला माणूस सरळ म्हणाला, "ताई, हे भंगारात घाला. सहा नवीन घ्या, दोन लाख दहा हजारांत बसवून देतो."

दोन लाख दहा हजार! त्याआधीच्याच महिन्यात, सप्टेंबरात, मराठवाड्यात अतिवृष्टीने काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कापूस पाण्यात, सोयाबीन पाण्यात. त्या महिन्यात बायका गटात पैसे भरत नव्हत्या, उचलत होत्या. अभ्यासिकेसाठी बाजूला ठेवलेले होते चोवीस हजार. सभेत एकीने तर स्पष्टच सांगितलं, "कॉम्प्युटर राहू द्या. ते पैशे बियाण्याला द्या." तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मार्ग काढला तो गटातल्याच एका बाईंच्या लेकीने. पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकते. सुट्टीत आली, पेन ड्राइव्ह लावला आणि अर्ध्या तासात आम्हाला दाखवलं. "मावशी, मशीनं ठणठणीत आहेत. विंडोज त्यांना घरात घेईना एवढंच. लिनक्स घेतं."

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक मोफत प्रणाली. विंडोज एका कंपनीच्या मालकीचं, त्याची पाककृती कुलुपात. लिनक्सची पाककृती उघडी. कुणीही वाचा, बदला, वाटा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. आपल्या हातातला अँड्रॉइड फोनही आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, म्हणजे आपण ते रोज वापरतोच! उबंटू, मिंट ही त्याची वेगवेगळी घराणी. आपल्या सी-डॅकनेही २००७ साली 'बॉस' नावाचं एक तयार केलं.

पण थांबा. फुकट आहे म्हणून कुठल्याही कॉम्प्युटरवर घातलं आणि चाललं, असं नसतं. दुकानदार सांगत नाही ती गोष्ट हीच.

कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग, म्हणजे वायफायची चिप, प्रिंटर, कॅमेरा, हा आपापली भाषा बोलतो. प्रणालीला ती समजावी म्हणून मधे एक दुभाषी लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाषी कंपनी स्वतःहून देते, कारण गिऱ्हाईक तिथे जास्त. लिनक्ससाठी काही कंपन्या देतात, काही आपल्या भागाची माहिती खुली करतात म्हणजे इतरांना दुभाषी तयार करता येतो, आणि काही चक्क तोंड मिटून बसतात. त्या तिसऱ्या प्रकारची वस्तू आपण घेतली की पैसे पाण्यात.

गंमत म्हणजे खुल्या प्रणालीची ही सगळी चळवळ एका प्रिंटरवरून पेटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेसर प्रिंटर भेट दिला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे काम करायचे. आधीच्या प्रिंटरची आज्ञावली त्यांच्याकडे होती, त्यामुळे कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय त्यांनी केली होती. नव्या प्रिंटरची आज्ञावली मात्र मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे ती होती, त्याने गुप्ततेचा करार केलाय म्हणून नाही म्हटलं. हा नकार स्टॉलमन यांच्या मनाला लागला. पुढे १९८३ साली त्यांनी 'जीएनयू' हा खुल्या प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. एवढ्या मोठ्या कामाचं मूळ अडकलेल्या कागदात! झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हे दुःख लगेच कळेल.

तर आमच्या सहा मशीनांचं काय झालं? एकाचा मदरबोर्डच गेलेला निघाला, ते सुट्या भागांसाठी ठेवलं. उरलेल्या पाचांत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीची ८ केली. मशीनमागे तीन हजार चारशे रुपये, म्हणजे सतरा हजार. वर लिनक्स मिंटची हलकी, 'एक्सएफसीई' आवृत्ती घातली. तिची किंमत शून्य. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. जुन्या मशीनवर जीव ओतायचा असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा, हे मी आता कुणालाही छातीठोक सांगेन. पूर्वी सुरू व्हायला जे मशीन चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचं, ते आता आधण ठेवेपर्यंत तयार असतं.

जुन्या डेस्कटॉपला वायफाय नव्हतं. त्यासाठी यूएसबीचा डोंगल हवा, आणि खरी कसरत तिथे सुरू झाली. डोंगलच्या खोक्यावर कंपनीचं नाव ठळक असतं, आतल्या चिपचं नसतं. लिनक्सला मतलब चिपशी. सर्वांत गाजलेलं उदाहरण टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचं. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, ती लिनक्सवर लावली की चालायची. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आली, पण नाव तेच! जुन्या माहितीवर विसंबून लोक घेत राहिले आणि खटपट करत बसले. साधारण नियम असा, की इंटेल आणि अ‍ॅथेरॉसच्या वायफाय चिपा बिनबोभाट चालतात, ब्रॉडकॉम आणि रिअलटेकच्या काही चालतात, काही छळतात.

आम्ही दुकानात जाऊन विचारलं, "यात चिप कुठली आहे?" तिथला मुलगा गोंधळला. "ताई, तुम्हाला डोंगल पाहिजे का चिप?" शेवटी पोरीने आपला लॅपटॉप काढला, त्यात लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला आणि काउंटरवरच एकेक डोंगल लावून बघितला. तिसरा लागला. तसेच पाच घेतले, सहाशेला एक. तीन हजार. एकूण खर्च वीस हजार.

हा पेन ड्राइव्ह म्हणजे आपला माठ वाजवायचा बोट समजा. त्यावर लिनक्स उतरवून घेतलं की ते कॉम्प्युटरमधल्या डिस्कला धक्का न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालतं. नवा-जुना कुठलाही लॅपटॉप घेताना दुकानदाराला नम्रपणे म्हणा, "भाऊ, दहा मिनिटं हे लावून बघू द्या." मग वायफाय सापडतंय का, आवाज येतोय का, कॅमेऱ्यात तोंड दिसतंय का, टचपॅडवर बोट फिरतंय का, सगळं बघा. एक गोष्ट लोक हमखास विसरतात. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. काही लॅपटॉप झोपतात ते उठतच नाहीत! दुकानदार लावू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. साडी उन्हात नेऊ न देणाऱ्याकडून आपण साडी घेतो का?

आता कोणी म्हणेल, जुनं कशाला, सरळ नवाकोरा घ्यावा. घ्या, पण अगदी काल बाजारात आलेला नको. नव्या भागांचा दुभाषी लिनक्समध्ये यायला काही महिने लागू शकतात. वर्ष-दीड वर्ष जुनं मॉडेल मुरलेल्या लोणच्यासारखं, बिनधोक. माझं स्वतःचं मत विचाराल तर अभ्यासासाठी कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप उत्तम. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे बदलतात आणि ते 'रिफर्बिश्ड' म्हणून बाजारात येतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यातली नावं. दिसायला काळे, जाड, लग्नात द्यायला शोभणार नाहीत, पण लिनक्सशी यांचं चांगलं जमतं. डेल २००७ पासून काही मॉडेल उबंटू घालून विकत आली आहे. उबंटूवाले तर तपासून पास केलेल्या मॉडेलांची यादीच इंटरनेटवर ठेवतात. घेण्याआधी आपलं मॉडेल त्यात शोधायचं, पाच मिनिटांचं काम. जुना घेताना बॅटरी किती टिकते तेवढं मात्र नीट बघा आणि पक्कं बिल घ्या.

चकचकीत गेमिंग लॅपटॉपच्या फंदात पडू नका. त्यात बहुतेक वेळा एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. याच कंपनीवर टोरवाल्ड्स २०१२ साली फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात इतके चिडले, की त्यांनी कॅमेऱ्यासमोर जे बोट दाखवलं आणि जो शब्द उच्चारला, तो या पानावर छापता येणार नाही. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही सराव परीक्षेला त्याची गरज काय? इंटेल किंवा एएमडीचं साधं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स भरपूर झालं.

आमच्याकडे विजेचाही प्रश्न. मे महिन्यात जालन्यात पारा बेचाळीसवर आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून पुढचं मशीन घेताना आम्ही तळहाताएवढ्या छोट्या डेस्कटॉपचा विचार करतोय. लेनोवोचा 'टायनी', डेलचा 'मायक्रो' असे ते प्रकार. लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात, इन्व्हर्टरवर भार कमी, लिनक्सशी कुरकुर नाही.

हे सगळं वाचून 'खेडेगावात हे कुठे जमतंय' असं वाटत असेल तर सांगते, आपल्याच महाराष्ट्रात फार आधी जमलंय. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. एका शिक्षकाची शाळा. लॅपटॉपवर लिनक्स, आणि यंत्र त्याच्याच मापाने बेतलेलं. उन्हात दिसणारा पडदा, धूळ आत जाऊ न देणारा कीबोर्ड, वीज अगदी थोडी. रॅम किती, तर २५६ एमबी. तरीही त्यातल्या मार्व्हेल कंपनीच्या वायफाय चिपची आतली आज्ञावली बंदच होती आणि त्यावरून खुल्या प्रणालीचे कार्यकर्ते नाराज झाले होते. सगळं खुलं करायला निघालेल्यांनाही एक कुलूप उघडता आलं नाही, मग आपली काय कथा! गोव्यात त्याच्याही आधी परदेशातल्या गोवेकरांनी जुने कॉम्प्युटर कंटेनरमधून पाठवून शाळांत लिनक्सवर चालवले. आणि केरळने तर सरकारी शाळांतच खुली प्रणाली आणली. तिथे 'काइट' ही सरकारी संस्था स्वतःची लिनक्स आवृत्ती शाळांना पुरवते. आपल्या पाच मशीनांसाठी असं बघणारं कुणी नसतं, आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

लिनक्सने सगळंच सुटतं असं मी म्हणणार नाही. टॅली विंडोजवरच चालतं. ज्या मुलीला दुकानात हिशेब लिहायची नोकरी करायची आहे, तिला विंडोज शिकावंच लागेल. सेवा केंद्र काढायचं असेल तर अंगठा घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पत्रं नुसती उघडली तर अगम्य अक्षरं दिसतात. मात्र युनिकोड मराठी झकास चालतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो. शिकायला आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' धडे आहेत, मराठी आवाजात, मोफत. तेव्हा आधी कागदावर लिहून काढा, हे मशीन नेमकं कशासाठी हवंय. मगच प्रणाली ठरवा. एमएस-सीआयटीची काळजी एका आईने बोलून दाखवली होती. पण तो क्लास मुली केंद्रावर जाऊनच करतात, त्याचं आमच्या अभ्यासिकेत काही अडत नाही.

आता राहिला प्रिंटर. चार हजार उरले होते आणि त्याच सुमारास ओळखीच्या एका गृहस्थाने आपला जुना कॅननचा एलबीपी २९०० फुकट देऊ केला. हा प्रिंटर तुम्ही पाहिलेला असतो. तालुक्याच्या निम्म्या झेरॉक्स दुकानांत तोच दिसतो. दणकट, टोनर कुठेही मिळतो. पण लिनक्सवर त्याचं घोडं अडतं. कंपनीने ड्रायव्हर दिलाय, मात्र तो बसवणं नवख्याचं काम नाही आणि प्रणाली बदलली की पुन्हा तेच उपद्व्याप. पोरगी पॉलिटेक्निकला परत गेल्यावर ते कोण निस्तरणार? मी नको म्हटलं. सभेत गदारोळ! "तो मानूस देऊ राहिला न् तुम्ही नाही म्हनू राहिल्या? फुकटाचं कामून सोडता ताई?"

समजावता समजावता मला घाम फुटला. शेवटी मी म्हटलं, "जावई सोन्यासारखा आहे, पण पोरीशी एक शब्द बोलत नाही. देता का?" हशा पिकला, पण सगळ्यांना पटलं असं नाही.

एचपी आपल्या बऱ्याच प्रिंटरांसाठी लिनक्सचा ड्रायव्हर देते, एचपीलिप म्हणतात त्याला. त्यातही बारकावे आहेत. लेसरजेट १०२० ला इंटरनेटवरून एक जादा तुकडा उतरवावा लागतो, तेव्हा पहिल्यांदा लावताना नेट चालू हवं. ब्रदर कंपनीही आपल्या अनेक प्रिंटरांना लिनक्सचे ड्रायव्हर देते. चार हजारांत यातला नवा बसत नाही, म्हणून वापरलेला शोधतोय. जालन्यात एका ठिकाणी एक दिसलाय, साडेचार सांगतोय. मॉडेल नंबर लिहून आणलाय, पोरीला फोन केलाय. ती येत्या रविवारी घरी येणार आहे, पेन ड्राइव्ह घेऊन. एक पान छापून निघालं तरच पैसे द्यायचे, असं सभेत ठरलंय. वरच्या पाचशेचं काय ते मात्र अजून ठरायचं आहे.